झाकली मूठ उघडताना: व्यसनी माणसाच्या घरच्यांना पडणारे प्रश्न

"तसं आमच्यात एवढं काही नाही," असं म्हणतच बाई चप्पल काढते आणि चहा यायच्या आत रडायला लागते. बेळगाव शहरातून, खानापूर, निपाणी, संकेश्वरकडून, कधी पलीकडच्या चंदगडहून येणाऱ्या घरच्या माणसांच्या बैठकीत मी १२ वर्षं बसते आहे. त्याआधीची बरीच वर्षं माझा थोरला भाऊ पीत होता आणि आमची आई ते झाकत होती. त्यामुळं खालचे अर्धे प्रश्न आमच्याच स्वयंपाकघरात विचारले गेलेले आहेत. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. औषधाचा आणि कायद्याचा जो भाग इथं आहे त्यानं तुम्हाला योग्य दारापर्यंत न्यावं, एवढीच अपेक्षा.

आत्ता घरात कुणी मारहाण करत असेल तर ११२. कुणाला फिट आली असेल, रक्ताची उलटी होत असेल तर १०८. बाकीचं नंतर वाचा.

रोज घेतात, पण कामाला जातात. याला व्यसन म्हणायचं का?

कामाला जाणं ही खूण धरू नका. डॉक्टर साधारण सहा गोष्टी बघतात. प्यायची अनावर ओढ. एकदा सुरू केली की कुठं थांबायचं यावर ताबा नसणं. न मिळाल्यास अंगाला होणारा त्रास, म्हणजे सकाळी थरथरणारे हात, घाम, आणि एक घोट गेला की सगळं शांत. तेवढ्याच नशेला पूर्वीपेक्षा जास्त लागणं. बाकी सगळ्यातून मन उडणं. आणि नुकसान डोळ्यांसमोर असूनही चालू ठेवणं. वर्षभरात यातल्या तीन किंवा जास्त एकत्र दिसल्या तर ती व्यसनाधीनता. बाटल्या मोजत बसायची गरज नाही.

आपल्या भागात एक खास घोटाळा होतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं गावोगावी निवृत्त फौजी. कँटीनची बाटली, संध्याकाळी सातला ग्लास, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढत नाही. गटारात पडणाऱ्याला गाव दारुडा म्हणतं, सुभेदारसाहेबांना कोण म्हणणार? एका सुनेनं बैठकीत सांगितलं, घरातली बाटली संपली आणि दोन दिवस दुसरी आली नाही, तर मामांच्या हातातला चहा बशीत सांडत होता. माजी सैनिकांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं: ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडं जाण्याची चिठ्ठी मागता येते. त्यात कमीपणा काही नाही, गुडघ्यासाठी मागता तशीच मागायची.

तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. मग आम्ही एकटे येऊन काय करू?

बहुतेक सगळे एकटेच येतात. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारूच्या अधीन झालेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला दिसला. उरलेल्या ३७ जणांच्या घरांनी काय करायचं, तो तयार होईपर्यंत वाट बघत बसायचं?

अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांनाच शिकवण्याची एक पद्धत बसवली, तिला क्राफ्ट म्हणतात. उपचाराला साफ नकार देणाऱ्या माणसांपैकी साधारण तीनात दोन जण, घरच्यांनी वागणं बदलल्यावर उपचाराला आले, असं त्यांच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पद्धतीचा गाभा सांगायला सोपा आहे, करायला अवघड. तो शुद्धीत असतो तो वेळ घरात बरा जाईल असं बघायचं, आणि तो प्यालेला असतो तेव्हा आपण तिथून बाजूला व्हायचं.

आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. एखाद्या दिवशी गडी न पिता सातला घरी आला की वर्षाची थकबाकी त्याच दिवशी वसूल होते: "आज कशी आठवण झाली घराची? सूर्य कुठं उगवला?" आणि बाराला झोकांड्या खात आला की सगळं घर चिडीचूप, गरम भाकरी, अंथरूण घातलेलं, बूट काढायला बायको. पिऊन आलं तर सेवा, न पिता आलं तर बोलणी. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय निवडलं असतं?

तेव्हा तो न पिता आला तर जुनं काही काढू नका. आवडीचं कालवण करा, क्रिकेट बघा, चार घरगुती गोष्टी बोला. पिऊन आला तर जेवण झाकून ठेवा आणि मुलांना घेऊन आतल्या खोलीत झोपा. भांडण नको, सेवा नको. पहिले काही आठवडे तो चिडतो, ते धरून चाला. घरात मारहाण होत असेल तर मात्र हा प्रयोग आपल्या मनानं करू नका. आधी खालचा मारहाणीचा प्रश्न वाचा.

त्याला सांभाळणं आणि त्याचं झाकणं, यातला फरक कसा ओळखायचा?

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ऐकतच आपण मोठे झालो. आमची आई दर महिन्याच्या एक तारखेला बारच्या मागच्या दारानं जायची आणि पेन्शनमधून भावाची उधारी भागवायची. का, तर मालकानं चौकात पोराचा अपमान करू नये. भावाला वाटायचं, दुकानदार भला माणूस आहे, कधी तगादा लावत नाही. त्याच्या पिण्याची किंमत त्याला कधी कळलीच नाही, कारण ती आई मोजत होती.

दुसरं नेहमीचं उदाहरण उद्यमबागेतल्या कारखान्याचं. सकाळी उठवत नाही म्हणून बायको सुपरवायझरला फोन करते, "ह्यांना ताप आलाय." महिन्यात चौथ्यांदा ताप. सुपरवायझरलाही कळतं, तोही मूठ झाकतो. एक दिवस नोकरी जाते आणि सगळे म्हणतात, अचानक कसं झालं?

माझी कसोटी एवढीच: हे मी केलं नाही तर त्रास कुणाला होईल? पिण्याचा जो त्रास पिणाऱ्याला व्हायला हवा तो मी माझ्या अंगावर घेत असेन, तर ते झाकणं. उधारी भरणं, खोटे फोन, सकाळी त्याला आठवण राहू नये म्हणून फुटलेल्या काचा गोळा करणं. दोन वेळचं जेवण, आजारपणातला दवाखाना, पावसात रस्त्यावर पडला तर उचलून आडोशाला आणणं, हे झाकण्यात येत नाही. त्याला उपाशी ठेवा असं इथं कुणी सांगत नाही.

आणि हे सगळं एका दिवशी बंद करू नका. एक गोष्ट निवडा, त्याला आधी सांगा, मग पाळा. "पुढच्या महिन्यापासून दुकानाची उधारी मी भरणार नाही," हे शांतपणे सांगून खरंच न भरणं, हे शंभर धमक्यांपेक्षा जास्त ऐकू जातं. तुम्ही भरलीतच तर पुढच्या वेळी तुमचं बोलणं वाऱ्यावर.

बोलायचं कधी आणि काय?

रात्री अजिबात नाही. सकाळी, आंघोळ-चहा झाल्यावर, घरात पाहुणे नसताना. काल काय घडलं ते एकच, ताजं, डोळ्यांनी बघितलेलं सांगायचं. मला काय वाटलं ते सांगायचं. पुढं काय करायचं तेही लगेच सांगायचं, दिवस-वारासह.

"तुम्ही आमचं वाटोळं केलंत, तुमच्या बापानंही हेच केलं" यात पहिलं वाक्य खरं असलं तरी दुसऱ्या वाक्याला तो उठून बाहेर जातो. त्याऐवजी: "अहो, काल रात्री तुमचा आवाज ऐकून पोरगी पलंगाखाली जाऊन बसली. मला फार भीती वाटली. मंगळवारी दवाखान्यात जाऊन येऊ, मी येते बरोबर." एवढंच. तो नाही म्हणाला तर "बरं" म्हणून विषय सोडा आणि दहा दिवसांनी पुन्हा काढा. अपघात, पडणं, नोकरीवरची ताकीद असं काही घडलं की त्यानंतरचे एक-दोन दिवस दार थोडं उघडं असतं. तेव्हासाठी डॉक्टरांची वेळ, केसपेपरचे पैसे, गाडी, सगळं आधीच ठरवून ठेवा. मन वळतं ते तासाभरासाठी वळतं, तेवढ्यात वडाप मिळायला हवी.

पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडते तेव्हा पोराला वाटतं, आता आपल्यालाच काहीतरी होणार.

बंद करा म्हटल्यावर त्यांनी खरंच एकदम बंद केली. चांगलंच ना?

हा भाग नीट वाचा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पिण्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, वेळ-जागा कळत नाही, ताप चढतो. आपल्याकडं याला "बाहेरचं" समजून अंगारा लावतात आणि रात्र काढतात. ती रात्र दवाखान्यात काढायची असते. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

बैठकीतल्या एका घरचा गडी माळ घालून दिंडीबरोबर निघाला. घर आनंदात. तिसऱ्या दिवशी चालता चालता फिट येऊन रस्त्यावर पडला. दिंडीत एक नर्सबाई होत्या म्हणून निभावलं.

डॉक्टर काही दिवस उतरत्या प्रमाणात गोळ्या देतात, त्यानं ही उतरण सुरक्षित होते, आणि सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होते. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या आणून हे घरी करू नका. आधी कधी फिट आलेली असेल, वय जास्त असेल, काविळीचा त्रास असेल तर दाखल करूनच. आणि डॉक्टरांकडं नेण्याआधी घरातल्या बाटल्या मोरीत ओतण्याचा पराक्रम करू नका.

जेवणातून गुपचूप द्यायची पावडर मिळते. चालेल का?

नाही. आमच्या आईनं जाहिरात बघून मागवली होती. आमटीत घातली. तिसऱ्या दिवशी भाऊ पिऊन आला आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, उलट्या थांबेनात. रात्री अडीचला रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं काय दिलंत, आणि आई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

अशा पावडरीत नेमकं काय आहे हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध दारूबरोबर अशीच जोरदार प्रतिक्रिया देतं. हृदयाचा आजार असलेल्याला ती झेपत नाही, मृत्यूही येऊ शकतो. तेच औषध डॉक्टरांनी तपासून, माणसाला समजावून, त्याच्या संमतीनं दिलं तर कामाचं आहे. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत. आमच्या घरात त्या आमटीनंतर भाऊ सहा महिने आईच्या हातचं जेवला नाही. औषधापेक्षा ते नुकसान मोठं होतं.

नेमकं कुठं न्यायचं?

बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. केएलईच्या रुग्णालयातही आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात "मनोचैतन्य" कार्यक्रमाखाली मंगळवारी मानसोपचाराचा दवाखाना भरवण्याची पद्धत आहे. जाण्याआधी फोन करून त्या आठवड्यात डॉक्टर येणार का ते विचारा, नाहीतर रोजगार बुडवून परत यावं लागतं. धारवाडची डिमहान्स ही मानसोपचाराची १८४५ पासूनची संस्था, बेळगावहून रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आजही काही लोक तिला "धारवाडचं वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणतात आणि त्या नावाला घाबरून जात नाहीत. आत गेल्यावर कळतं, ओपीडीत आपल्यासारखीच घरं पिशवीत डबा घेऊन बसलेली असतात. गुंतागुंत जास्त असेल तर बंगळूरच्या निमहान्समध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, आणि मराठीतूनच समुपदेशन हवं असणारी आपल्याकडची घरं तिथं जातात.

भाषेचं म्हणाल तर कागदपत्रं कन्नडमध्ये असतात, डॉक्टर बहुतेक वेळा मराठी किंवा हिंदी बोलतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी मजकूर वाचून दाखवायला सांगा. पण समुपदेशनाला भाषा फार लागते. मोडक्या कन्नडमध्ये माणूस "पितो" एवढं सांगू शकतो, "का पितो" ते नाही. म्हणून मराठी समजणारा समुपदेशक मागून घ्या.

फोनवर सुरुवात करायची असेल तर व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्ही मोफत. घरच्यांनी स्वतःसाठीही फोन करावा.

पिणाऱ्याला उचलून नेणारी केंद्रं असतात. तिथं टाकलं तर?

रात्री चार माणसं गाडी घेऊन येतात, हातपाय बांधून नेतात, महिन्याचे पैसे आगाऊ घेतात. आमच्या नात्यातल्या एका मुलाला असं नेलं होतं. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते, आणि दुसऱ्याच दिवशी प्याला. या वेळी रागानं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अंमली पदार्थांमुळं होणारे मानसिक विकार येतात. माणसाच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमताच नसणं, असं काही असावं लागतं. दोन तज्ज्ञांनी तपासावं लागतं आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. साखळीनं बांधण्यावर बंदी आहे. केंद्र बघायला जाल तेव्हा चार गोष्टी विचारा: नोंदणीचा कागद कुठं आहे, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देता का, आणि तो जायचं म्हणाला तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला मालक हसला तर परत फिरा.

माळ घातली, भंडारा उचलला तर सुटते ना?

काहींची सुटते. माळकरी झालेली आणि वीस-वीस वर्षं न प्यालेली माणसं मी बघितली आहेत. माळेबरोबर रोजचा हरिपाठ येतो, न पिणारी संगत येते, संध्याकाळचे ते अवघड तीन तास भरून निघतात. हा आधार मोठा आहे, त्याला हसू नये. फक्त माळ घालण्याआधी डॉक्टर, का ते वर दिंडीच्या गोष्टीत आलं. यल्लम्माच्या किंवा बिरोबाच्या भंडाऱ्याची शपथ मोडली की मात्र दुहेरी ओझं होतं: दारूही आणि देवाचा कोपही. मग कोपाच्या भीतीनं आणखी पितात.

धर्मस्थळच्या ग्रामाभिवृद्धी योजनेमार्फत गावोगावी आठवड्याभराची मद्यवर्जन शिबिरं होतात, ती कानडी-मराठी दोन्ही गावांना ठाऊक आहेत. नंतर नवजीवन समिती म्हणून गटही चालतात. अर्ध्या लोकांना शिबिर आवडतं, गट कंटाळवाणा वाटतो. पण खरं काम गटातच होतं.

गावात दारूबंदी केली तर प्रश्नच मिटेल की?

करा, बाटली लांब गेली की नवी पोरं तरी कमी लागतात. पण तुमच्या घरातला माणूस त्यावर सोडू नका. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून पाकिटातली सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू बंद झाली, पिणारे दुकानातल्या स्वस्त व्हिस्कीकडं वळले. चोर्ल्याच्या वाटेनं गोव्याची बाटली येते, निवडणुकीच्या कोरड्या दिवशी लोक कागलला जातात. दारूला सीमाप्रश्न नाही.

पिऊन मारतात. पण शुद्धीत असताना देवमाणूस आहेत.

मारहाणीला व्यसन हे कारण असेल, सवलत नाही. आधी सुरक्षितता, मग उपचार. शेजारच्या एका घराला सांगून ठेवा. आधार कार्ड, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, थोडे पैसे एका पिशवीत घालून माहेरी किंवा मैत्रिणीकडं ठेवा. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबू नका, तिथं विळी आणि रॉकेल-गॅस असतो.

११२ वर पोलीस, १८१ वर महिला मदतवाहिनी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बायकोला, आईला, बहिणीलाही संरक्षण मागता येतं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तुम्हाला त्यातून सहजासहजी बाहेर काढता येत नाही. महिला आणि बालकल्याण खात्यात संरक्षण अधिकारी असतात. वकील मोफत मिळतो, स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर विचारा. ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहून घेतली तर वाचून, अर्थ समजून घेऊनच सही. "घरगुती मामला आहे, समजूतदारीनं घ्या" असं कुणी म्हटलं तर तक्रारीची पोच मागा.

मी निघून गेले तर जीव देईन म्हणतात.

खोटं समजू नका आणि एकटीनं पेलूही नका. दारूच्या अंमलाखाली माणूस क्षणात निर्णय घेतो. शेतीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा. धमकी दिल्याचं त्याच्या भावाला, मित्राला, डॉक्टरांना सांगा, १४४१६ ला फोन करा. विष घेतल्याची शंका जरी आली तरी थेट १०८. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्याचा जीव वाचवण्यासाठी मदत बोलावणं तुमच्या हातात आहे. रोजचा मार खात घरात राहणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

माझ्या गृहलक्ष्मीच्या पैशांवर डोळा असतो.

कर्नाटक सरकारच्या या योजनेचे महिन्याला २००० रुपये, आणि ते जमा झाल्याचा मेसेज त्याच्याच मोबाईलवर. बँकेत जाऊन खात्याला स्वतःचा नंबर जोडा, एटीएम कार्ड आणि पिन स्वतःकडं ठेवा. पैसे आले की त्याच दिवशी रेशन, फी, संघाचा हप्ता भरून टाका. त्याच्या दारूच्या किंवा ओसीच्या, म्हणजे मटक्याच्या कर्जासाठी महिला संघातून तुमच्या नावावर कर्ज काढू नका. दहा बायकांच्या जामिनकीत तुमची एकटीची मूठ झाकून राहत नाही. मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळाचंही तेच, फरक एवढाच की त्याला वास येत नाही.

मुलांना काय सांगायचं?

त्यांना सगळं माहीत असतं. लहानाला एवढं सांगा: बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळं झालेला नाही, आणि तू अभ्यास केलास म्हणून तो बराही होणार नाही. तुझं काम शाळेत जायचं. पोराला बाटली आणायला पाठवू नका, "बाबा कुठं बसलेत बघून ये" म्हणून हेरगिरीलाही पाठवू नका. शाळेतल्या एका बाईंना विश्वासात घ्या. मुलांवर हात उचलला जात असेल तर १०९८.

लग्न करून दिलं की सुधारेल असं सगळे म्हणतात.

नाही सुधारत. आमच्या बैठकीतल्या निम्म्या सुना याच औषधाच्या पुडीतून आल्या आहेत.

मुलगा गांजा ओढतो. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल का?

डॉक्टर उपचारासाठी आहेत, पोलिसांना बोलावून धरून देण्यासाठी नाहीत. अंमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यातच, थोड्या प्रमाणातल्या प्रकरणात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देणारं कलम आहे, ६४-अ. विकण्यात गुंतला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी वकील. एकटाच बडबडणं, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटणं सुरू झालं असेल तर थांबू नका, तरुण पोरांत गांजानं असा भ्रम होतो. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्याही दारूसारख्याच, एकदम बंद करायच्या नाहीत.

तंबाखूला तुम्ही व्यसनच धरत नाही वाटतं?

हा टोमणा निपाणीच्या एका काकांनी मारला आणि तो लागला. त्यांचं म्हणणं, आमच्याकडं तंबाखूवर घरं उभी राहिली, पोरं शिकली, तिला वाईट कसं म्हणायचं? शेताला वाईट म्हणू नका, पण तोंडात दाढेमागं ती ठेवल्यावर काय होतं ते कॅन्सरच्या वॉर्डात दिसतं. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे, आता मसाला आणि तंबाखू वेगळ्या पुड्यांत घेऊन तळहातावर एकत्र करतात. मावा तर आहेच.

आणि आम्ही बायका? दोन तास नवऱ्याच्या दारूवर बोलायचं आणि मधल्या सुट्टीत नळापाशी जाऊन मिश्री लावायची. मी स्वतः ११ वर्षं लावली. सोडताना आठ दिवस जी चिडचिड झाली, डोकं उठलं, तेव्हा भावाबद्दल पहिल्यांदा काहीतरी समजलं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

आठ महिने सोडली होती, यात्रेत परत धरली. सगळं पाण्यात गेलं का?

आठ महिने गेले नाहीत, ते झालेच. परत धरणं या आजारात नेहमीचं आहे, मधुमेहात साखर पुन्हा चढावी तसं. किती लवकर परत दवाखान्यात गेला याला महत्त्व. "बघा, मी म्हटलंच होतं" हे वाक्य तेवढं गिळा. नंतर, शांत झाल्यावर, कुठं सुरुवात झाली ते त्याच्याबरोबर शोधा: यात्रा, मटणाचं जेवण, पगाराचा दिवस, मयताहून परतताना. पुढच्या यात्रेला तो दिवस कसा काढायचा ते आधी ठरवा. जेवण करून चारला परत, बरोबर मेहुणा. मेहुणाही पीत असेल तर दुसरा मेहुणा.

बैठकीत काय होतं? ओळखीचं कुणी भेटलं तर?

भेटतंच. बेळगावात दोन गल्ल्या सोडल्या की पाहुणा निघतो. पण तोही त्याच कारणानं आलेला असतो. १९५१ मध्ये अमेरिकेत दारू सोडणाऱ्यांच्या बायकांनी अल-अनॉन म्हणून घरच्यांचे गट सुरू केले, आमची बैठक त्याच वळणाची. नोंद नाही, फी नाही, आडनाव विचारत नाही. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, सल्ला मागितल्याशिवाय देत नाहीत. शेवटचं आम्हाला अजून नीट जमत नाही, मावशीमंडळी असल्यावर कसं जमणार? पुरुषांनीही यावं. बायको, बहीण किंवा आई पिते असं सांगणारे दोन गृहस्थ येतात, आणि त्यांची मूठ आमच्यापेक्षा घट्ट मिटलेली असते.

पहिल्या दिवशी काही बोललं नाहीत तरी चालतं. मी तीन बैठका नुसती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

तुमच्या भावाचं पुढं काय झालं?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी, चप्पल घालताना विचारतात. चार वर्षं तो प्याला नाही. मग आई गेली, आणि पाच महिने प्याला. आता गेल्या गणपतीपासून बंद आहे. वडगावात राहतो, वहिनी त्याच्याबरोबरच आहे. मी रोज फोन करून आवाजावरून अंदाज घ्यायची, ते सोडून दिलं. रविवारी तो बाजार करून आमच्याकडं येतो. कोथिंबीर दर वेळी विसरतो, मग चहा झाल्यावर पुन्हा खाली जाऊन आणतो. जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. मी अजून घड्याळ बघते.